पासवर्ड बदलला, पण खाते कोणाचे?

वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचे अर्ज सुरू झाले की लातूर आणि नांदेडमधल्या झेरॉक्स सेंटरांना, नेट कॅफेंना उसंत राहत नाही. राजर्षी शाहू, दयानंद या महाविद्यालयांनी नावारूपाला आणलेला 'लातूर पॅटर्न' आणि पुढे नांदेडातही उभे राहिलेले शिकवणी वर्ग यांच्या ओढीने जळकोट, देवणी, मुखेड, किनवट, शिवाय शेजारच्या परभणी-हिंगोलीतूनही मुले इथे खोली करून राहतात. अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि अनेकांच्या बाबतीत 'रिपीट'चे आणखी एक. घरून सोसायटीचे कर्ज किंवा विकलेल्या सोयाबीनचे पैसे येतात, मुलगा किंवा मुलगी बारा-बारा तास अभ्यास करते, आणि या साऱ्या खटाटोपाचे फळ ज्या दारातून यायचे असते ते दार म्हणजे एक ईमेल खाते. हे खाते बहुतेकदा विद्यार्थ्याने उघडलेलेच नसते. कॅफेवाल्याने, क्लासच्या कार्यालयातल्या माणसाने किंवा ओळखीच्या एखाद्या सरांनी घाईत ते 'काढून दिलेले' असते. नाव विद्यार्थ्याचे, पासवर्ड देणाऱ्याच्या सवयीचा, म्हणजे नावापुढे 'ॲट' आणि त्यापुढे १२३. माझे म्हणणे एवढेच आहे की ईमेलचा पासवर्ड कधी बदलावा, या प्रश्नाचे उत्तर कॅलेंडरमध्ये शोधण्यात अर्थ नाही. खाते एका हातातून दुसऱ्या हातात जाते त्या दिवशी तो बदलला पाहिजे, आणि त्या दिवशी नुसता पासवर्ड बदलून भागत नाही.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. विद्यार्थ्याकडे दोन वेगवेगळे पासवर्ड असतात, एक परीक्षेच्या संकेतस्थळाचा आणि दुसरा ईमेलचा. पालकांना, आणि पुष्कळदा मुलांनाही, पहिलाच महत्त्वाचा वाटतो. प्रत्यक्षात उलटे आहे. राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या अर्जाचा पासवर्ड विसरला तर तो नव्याने घेण्याचे मार्ग ठरलेले आहेत: अर्ज भरताना दिलेला सुरक्षा प्रश्न, नोंदणीकृत मोबाईलवर येणारा संकेतांक किंवा नोंदणीकृत ईमेलवर येणारी लिंक. म्हणजे ईमेल ज्याच्या हातात, त्याला अर्जाचा पासवर्ड ठाऊक असण्याची गरजच नाही, तो हवा तेव्हा नवा करून घेऊ शकतो. पुढे केंद्रीय समुपदेशन, राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश फेरी, आयुर्वेद-होमिओपॅथीचे वेगळे समुपदेशन, 'महाडीबीटी'वरची शिष्यवृत्ती असे एकेक संकेतस्थळ जोडले जाते, आणि त्यांच्या सूचना त्याच एका ईमेलवर आणि मोबाईल क्रमांकावर येऊन थांबतात. म्हणूनच संपर्कासाठी ईमेल आणि मोबाईल उमेदवाराचा स्वतःचा किंवा पालकाचाच द्यावा, असे परीक्षा संस्था माहितीपुस्तिकेत दरवर्षी बजावते. ती पुस्तिका इंग्रजी-हिंदीत असते आणि लांबलचक असते. कॅफेत रांगेत उभ्या असलेल्या बापाच्या हातात ती कधीच पडत नाही.

आता पासवर्ड बदलण्याकडे येऊ. समजा मुलाला कोणी सांगितले आणि त्याने फोनवर सेटिंगमध्ये जाऊन पासवर्ड बदलला. त्याला वाटते, झाले काम. पण मराठवाड्यात जमीन कसतो एक आणि सातबारा निघतो दुसऱ्याच्या नावाने, हे काही नवे नाही, आणि ईमेलचा सातबारा पासवर्डवर नसून 'रिकव्हरी' क्रमांकावर असतो. खाते उघडताना कॅफेवाल्याने स्वतःचा मोबाईल क्रमांक घातला असेल, तर 'पासवर्ड विसरलो' या एका बटणावर तो कधीही परत आत येऊ शकतो, नवा पासवर्ड कितीही अवघड असो. गूगलच्या खात्यात तर रिकव्हरी क्रमांक बदलल्यानंतरही सात दिवसांपर्यंत जुन्या क्रमांकावर संकेतांक पाठवण्याची सोय चालू राहू शकते. खऱ्या मालकाला चोराने हुसकावले तर त्याला परत येता यावे, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो चांगलाच आहे. पण याचा अर्थ असा की हे काम अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आठ-पंधरा दिवस आधी उरकले पाहिजे. आणखी एक गोष्ट क्वचितच कोणी पाहते. खात्यात आलेले प्रत्येक पत्र आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची 'फॉरवर्डिंग'ची सोय असते. ती कोणी चालू करून ठेवली असेल तर पासवर्ड बदलल्याने बंद पडत नाही. तेव्हा पासवर्ड, रिकव्हरी क्रमांक, रिकव्हरी ईमेल, कोणकोणत्या यंत्रांवर खाते उघडे आहे त्याची यादी आणि फॉरवर्डिंग, एवढे सगळे एका बैठकीत पाहिले तरच खाते खऱ्या अर्थाने विद्यार्थ्याच्या नावावर झाले असे म्हणता येईल. वीस मिनिटांचे काम आहे.

एवढी धास्ती घेण्यासारखे काही घडले आहे का, असे कोणी विचारील. घडले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने 'जेईई मेन' परीक्षेतल्या गैरप्रकाराचा गुन्हा नोंदवला आणि दिल्ली परिसर, पुणे, जमशेदपूर, इंदूर, बंगळुरू इथे छापे घातले. हरियाणातल्या सोनीपतच्या एका केंद्रावर उमेदवाराच्या जागी दुरून दुसऱ्यानेच पेपर सोडवायचा, अशी ती योजना असल्याचा आरोप होता. त्यातला आपल्या विषयाचा तपशील असा, की तारण म्हणून आरोपींनी विद्यार्थ्यांकडून दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पुढच्या तारखेचे धनादेश आणि त्यांचे युजर आयडी व पासवर्ड घेतल्याचे तपास यंत्रणेने म्हटले होते. पासवर्ड धनादेशाच्या पंक्तीत बसला तो असा. डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकात बंगळुरू पोलिसांनी अभियांत्रिकीच्या जागा अडवून ठेवणाऱ्या टोळीला अटक केली. ज्यांना प्रवेशात रस उरला नव्हता अशा विद्यार्थ्यांच्या लॉगिनमध्ये शिरून त्यांच्या नावाने जागा घ्यायच्या, नंतर त्या सोडून द्यायच्या आणि व्यवस्थापन कोट्यात विकायच्या, असा तो आरोप. त्यात कर्नाटक परीक्षा प्राधिकरणातलाच एक कर्मचारी होता. उदगीर-देगलूरकडच्या कित्येक घरांना बिदर-कलबुर्गीची महाविद्यालये पुण्यापेक्षा जवळची आहेत, म्हणून हे प्रकरण इथल्या वाचकाने परके समजू नये.

आणि खुद्द लातूर. जून २०२४ मध्ये 'नीट'च्या गोंधळात दहशतवादविरोधी पथकाच्या नांदेड शाखेने लातुरातल्या दोन जिल्हा परिषद शिक्षकांची चौकशी केली, शिवाजीनगर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला आणि पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. आरोपींच्या मोबाईलमध्ये काही परीक्षार्थींची प्रवेशपत्रे सापडल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. आरोपांचा निकाल न्यायालय लावील आणि ते प्रकरण पासवर्डचे नव्हतेच. पण मुलांची कागदपत्रे आणि ओळख किती हातांमधून फिरते, याची ती झलक होती. लातूरच्या बदनामीचीच चर्चा त्या दिवसांत जास्त झाली, या फिरण्याची फारशी झाली नाही, याची मला खंत वाटते.

तरीही टोळ्या आणि छापे हे टोक झाले. रोजचे नुकसान याहून साधे असते आणि त्यात कोणाचा वाईट हेतूही नसतो. 'नीट'चे वेळापत्रक पाहा. २०२५ मध्ये अर्ज ७ फेब्रुवारीला सुरू झाले, परीक्षा ४ मे रोजी झाली, निकाल १४ जूनला लागला, आणि प्रवेशाच्या फेऱ्या जुलैपासून पार दिवाळीपर्यंत रेंगाळल्या. म्हणजे फेब्रुवारीत दिलेला ईमेल आणि मोबाईल क्रमांक आठ-नऊ महिने जिवंत राहायला हवा. एवढ्या काळात कॅफेत कामाला असलेला मुलगा पुण्याला निघून जातो, दुकान दुसऱ्या गल्लीत हलते, विद्यार्थी स्वस्त रिचार्जसाठी नवे सिमकार्ड घेतो. अर्जदुरुस्तीची मुदत मिळते तेव्हाही मोबाईल आणि ईमेल या दोन गोष्टी सहसा बदलू देत नाहीत. आणि बंद पडलेला मोबाईल क्रमांक कायमचा मरत नाही. बंद झाल्यानंतर किमान ९० दिवस तो कोणाला दिला जात नाही, पुढे दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढेही मांडले गेले. जुन्या क्रमांकाशी जोडलेली खाती ग्राहकानेच सांभाळायची, असेच त्या प्रकरणातून निघाले. तेव्हा फेब्रुवारीत टाकून दिलेला क्रमांक ऐन समुपदेशनाच्या वेळी एखाद्या तिऱ्हाईताच्या खिशात वाजत असणे अजिबात अशक्य नाही. त्याच्या हातात संकेतांक पडतील आणि आपल्या मुलाला मात्र आपल्याच खात्यात शिरता येणार नाही.

या सगळ्यावर सायबर जनजागृतीच्या फलकांवर एकच उपाय रंगवलेला असतो: दर महिन्याला पासवर्ड बदला. हा सल्ला जुना आहे आणि तो देणाऱ्यानेच मागे घेतला आहे. २००३ मध्ये अमेरिकेच्या मानक व तंत्रज्ञान संस्थेसाठी बिल बर यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून 'ठरावीक दिवसांनी बदला, त्यात अंक आणि चिन्हे घाला' ही पद्धत जगभर रुजली. निवृत्त झालेल्या बर यांनी २०१७ मध्ये आपल्याला त्याचा पस्तावा होतो असे जाहीर सांगितले, आणि त्याच वर्षी संस्थेने नवी मार्गदर्शिका काढून पासवर्ड फुटल्याची खूण असल्याशिवाय सक्तीने बदलायला लावू नका, असे म्हटले. यामागे अनुभव होता. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये आपल्याच विद्यापीठातली सात हजारांहून अधिक जुनी खाती तपासली. एक पासवर्ड ठाऊक असेल तर त्यानंतरचा पासवर्ड सुमारे ४१ टक्के वेळा संगणकाला काही सेकंदांत ओळखता आला, कारण माणसे शेवटचा आकडा एकाने वाढवतात किंवा चिन्ह पुढचे मागे करतात. आपल्याकडे १२३ चे १२३४ होते, एवढाच फरक. सारखे बदलायला लावले की माणूस विसरतो. विसरला की परत कॅफेत जातो आणि 'भाऊ, पासवर्ड काढून द्या' म्हणतो. म्हणजे ज्या हातातून खाते सोडवायचे त्याच हातात ते पुन्हा जाते. म्हणून कॅलेंडरचा नियम सोडावा. खाते दुसऱ्याने उघडून दिले असेल, अर्ज दुसऱ्याने भरला असेल, क्लास सोडला असेल, फोन विकला किंवा हरवला असेल, अशा प्रत्येक वेळी मात्र बदलावा, आणि मग वर्षभर त्याला हात लावू नये. लांब असावा, स्वतःच्या बोलीतले चार-पाच असंबद्ध शब्द रोमन अक्षरांत जोडले तरी उत्तम. मराठवाडी शब्दांचा एवढा उपयोग तरी व्हावा!

यावर पहिला आक्षेप विश्वासाचा येतो. फॉर्म भरून देणारा माणूस गावातला असतो, रात्री दहालाही दुकान उघडतो, कधी पैसेही मागाहून घेतो. त्याच्यासमोर पासवर्ड बदलणे म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखे वाटते. हा संकोच खरा आहे. त्या माणसावाचून या जिल्ह्यांतली निम्मी प्रवेशप्रक्रिया अडून बसेल, असे मला वाटते. पण थोडे त्याच्या बाजूने पाहा. दुकानातल्या वहीत शेकडो मुलांचे ईमेल आणि पासवर्ड लिहिलेले आहेत आणि त्यातल्या एकाचा पसंतीक्रम बदलला गेला, तर संशय कोणावर येईल? दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी नुसार गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आपण काही केले नाही हे सिद्ध करण्याची वेळ त्याच्यावर येणार. ज्याच्याकडे पासवर्डच नाही त्याला कोणी विचारणार नाही. तेव्हा पासवर्ड बदलून घेणे हे प्रामाणिक दुकानदाराच्याच हिताचे आहे. ज्याला ते खटकते त्याच्याबद्दल मात्र मी दोनदा विचार करीन.

दुसरा आक्षेप वसतिगृहांचा, आणि तो जास्त वजनदार आहे. अनेक वसतिगृहांत आणि वर्गांत स्मार्टफोनला मनाई असते. मुलाकडे फार तर बटणांचा फोन. पालकांनाही ते हवे असते आणि अभ्यासाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. मग क्लासच्या कार्यालयाकडे लॉगिन देण्यावाचून इलाज काय? इलाज आहे. संकेतांक साध्या संदेशाने येतो, त्याला स्मार्टफोन लागत नाही, तेव्हा रिकव्हरी क्रमांक त्या बटणांच्या फोनचा किंवा गावाकडे आईवडिलांकडे असलेल्या फोनचा ठेवता येतो. दुहेरी पडताळणी चालू केली की गूगल आठ आकड्यांचे दहा राखीव संकेतांक देते, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर उतरवून घेतले की फोन नसतानाही खाते उघडते. कागदावर लिहिणे धोक्याचे, असे लहानपणापासून ऐकलेले असते. पण ब्रूस श्नायर यांच्यासारख्या सुरक्षातज्ज्ञाने २००५ मध्येच लोकांना अवघड पासवर्ड लिहून पाकिटात ठेवा असे सुचवले होते, कारण कागदाचा कपटा सांभाळणे माणसाला जमते. अहमदपूरच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत जातीच्या दाखल्याशेजारी ठेवलेला कागद परदेशातला हॅकर वाचू शकत नाही. आपल्याला भीती आहे ती जवळच्या, सोयीने पासवर्ड जाणणाऱ्या माणसाची, आणि त्या माणसाला ती पेटी उघडता येत नाही.

'जवळचा माणूस' म्हटले की घरातलाही आला, आणि इथे पालकांना न आवडणारी गोष्ट लिहायला हवी. रिकव्हरी क्रमांक वडिलांचा असणे ठीक, पण पसंतीक्रम भरताना लॉगिन मुलीच्या हातात असते की भावाच्या? प्रवेश फेरीत पसंतीचा क्रम हा सगळा खेळ असतो. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते. अशा वेळी 'लांब नको, इथेच घाल' म्हणून घरातल्या कोणी रात्री क्रम बदलला, तर ती तक्रार कुठे करणार? वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत पालकांचा शब्द असणारच, २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो. पण संमती देणे वेगळे आणि तिच्या नावाने बटण दाबणे वेगळे. 'रिपीटर' मुली तर बहुधा अठरा ओलांडलेल्या असतात. खात्यावर बटण दाबण्याचा हक्क तिचा, घरच्यांनी वाद घालायचा तो तिच्याशी समोरासमोर घालावा.

प्रश्न उरतो, हे सगळे शिकवायचे कोणी. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. त्याआधी तो मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरताच होता. म्हणजे लातूर विभागीय मंडळातल्या लातूर, नांदेड, धाराशिव या तिन्ही जिल्ह्यांतल्या मुलांना आता पंधराव्या-सोळाव्या वर्षीच पहिले सरकारी लॉगिन आणि पासवर्ड मिळतो. शिकवायची वेळ हीच आहे, बारावीच्या फेब्रुवारीत नाही. कनिष्ठ महाविद्यालयांनी पहिल्या पंधरवड्यात संगणक कक्षात दोन तासिका यासाठी द्याव्यात आणि प्रत्येक मुलाने तिथे बसून खाते आपल्या नावावर करून घ्यावे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना गावोगाव पाठवतेच, त्या शिबिरांत झाडलोटीबरोबर हेही काम घेता येईल. शिकवणी वर्गांनी निकालाच्या फलकांसाठी मुलांचे लॉगिन गोळा करणे थांबवावे. गुणपत्रिकेची प्रत मागितली तरी फलक छापता येतो.

राहिली सेवा केंद्रे आणि कॅफे. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनी संगणकावर कोण बसले याची नोंद ठेवायला आणि ती वर्षभर जपायला सांगितले. ग्राहकाच्या नावाने खाते उघडून देणाऱ्याने ते त्याच्या हवाली कसे करायचे, याबद्दल त्यात काही नाही. जिल्हा प्रशासनाला 'आपले सरकार' केंद्रांपुरता तरी हा नियम घालता येईल: खाते उघडताना केंद्रचालकाचा क्रमांक वापरायचा नाही, पासवर्ड ग्राहकाने स्वतः टाइप करायचा, आणि पावतीवर तसे लिहून त्याची सही घ्यायची. यात वेळ जातो अशी केंद्रचालकांची तक्रार असेल आणि ती रास्त आहे. रांग लागलेली असताना एका मुलामागे पंधरा-वीस मिनिटे फुकट कोण देईल? मग ती फुकट मागू नयेत. दाखल्यांच्या दरफलकावर आणखी एक ओळ वाढवावी, 'ईमेल खाते विद्यार्थ्याच्या ताब्यात देणे', आणि त्याचे वीस-तीस रुपये उघडपणे घ्यावेत.